गणपतीपुढची नोट

बाबली घाडी हा चोरटी प्रवासी वाहतूक करणारा इसम आहे, असं विमा कंपनीने लिहून कळवलं, आणि ते भेंडाळी गावाला आजतागायत पचलेलं नाही. गावात नावं ठेवायला माणसं काय कमी होती? कंपनीने विचारलं असतं तर गावाने हौसेने सांगितली असती. पण कंपनीने नेमका बाबली निवडला.

बाबली उभ्या हयातीत एसटीचा ड्रायव्हर. वेंगुर्ल्यापासून दोडामार्गापर्यंतचं प्रत्येक वळण त्याच्या मनगटाला पाठ. निवृत्त झाला आणि घरात बसवेना. बायकोच्या कामात लुडबुड करी, शेजाऱ्याच्या कुंपणावरून त्याला शिव्या घाली, दुपारी झोप लागत नाही म्हणून कोंबड्यांवर चिडे. शेवटी बायकोनेच सांगितलं, एक जुनीपानी गाडी घे पण माझ्या डोळ्यांसमोरून दूर हो. मग त्याने सरकत्या दाराची एक जुनी व्हॅन घेतली आणि रोज सकाळी वेंगुर्ल्याला जायला लागला. काम काय? काही नाही. बंदरावर कुठली मासळी उतरली ते बघायचं, एक चहा घ्यायचा, डेपोत जाऊन जुन्या दोस्तांना चार टोमणे मारायचे, पेपर घेऊन परत. गावाला वाटे, बाबली अजून ड्युटीवरच आहे.

त्याच्या घराकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. कुणाचं लग्न ठरेना, कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, कुणाचा मुलगा परीक्षेला बसला, की नारळ घेऊन माणसं बाबलीकडे येत. तो देवासमोर उभा राहून त्यांच्या वतीने बोले. आवाज असा खणखणीत की पाणंदीपर्यंत ऐकू जाई. स्वतःसाठी मात्र त्याने कधी काही मागितलं नाही. स्वतःसाठी बोलताना त्याची जीभ अडखळे. बायकोकडे दुसरा कप चहा मागतानाही तो आधी दोनदा खाकरत असे.

सकाळची एसटी बेभरवशाची. आली तर आली. तिठ्यावर बायका उभ्या असत, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात कामाला जाणाऱ्या. त्यांच्यासमोरून मोकळी गाडी हाकत नेणं बाबलीला जमण्यासारखं नव्हतं. तो थांबे, दार सरकवी आणि ओरडे, "बसा गो बेगीन! एसटी काय आज येवची नाय, तिका हळद लागली हा!"

त्या बायकांत विमल होती. विमल राऊळ. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरकडे. एकटी बाई, पन्नाशी ओलांडलेली, ताठ मानेची. कुणाकडून वाटीभर साखर आणली तर ती वाटी कधी रिकामी परत जायची नाही. निदान चार कोकमं तरी त्यात असायचीच. कारखान्यात काजूगर सोलण्यात तिच्या बोटांना जोड नव्हती. गर अख्खा निघायचा आणि साल अशी सुटायची की बघत राहावं. गावात तिला कुणी बिचारी म्हणायची सोय नव्हती, म्हटलं तर अंगावर यायची.

पहिल्याच दिवशी उतरताना तिने बाबलीपुढे विसाची नोट धरली.

बाबली भडकला. "मी काय रिक्षा चालवतंय? ठेव ती पिशयेत."

"आणि मी काय फुकट बसतलंय?"

"मगे चलान जा."

विमल जागची हलली नाही. तिने ती नोट स्टेअरिंगपुढे चिकटवलेल्या इवल्याशा गणपतीसमोर ठेवली आणि वर दोन अबोलीची फुलं. "तुका खंय दिलंय? देवाक दिलंय. आता काढून बघ!"

देवापुढची नोट काढून माघारी देण्याची बाबलीची छाती नव्हती. गाऱ्हाणं घालणारा माणूस तो. तिथे तो हरला. दुसऱ्या दिवसापासून इतर बायकाही काही ना काही ठेवू लागल्या. कुणी दहा, कुणी वीस, कुणी नुसतं फूल, कुणी काहीच नाही. बाबलीने कधी बघितलंही नाही. जमलेलं तो देवळातल्या समईच्या तेलाला देई. एखाद्या दिवशी टाकीचा काटा खाली आणि खिसा रिकामा असला तर त्यातलंच पेट्रोलला घाली आणि देवाला म्हणे, फुडल्या खेपेक भरून काढतंय. एवढाच काय तो त्याचा धंदा. ह्याला कंपनीच्या भाषेत काय म्हणतात ते त्याला नंतर कळलं.

थंडीतली सकाळ होती. घाटीवर धुकं इतकं दाट की दिव्यांचा उपयोग नाही. त्या दिवशी गाडीत विमल एकटीच होती. दुसऱ्या बायका लग्नाला गेल्या होत्या. काजूच्या बागेतून गवा बाहेर आला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. गवा काही म्हशीसारखा हॉर्न ऐकून बाजूला होत नाही. बाबलीने गाडी डाव्या अंगाला घातली. चाक घसरलं आणि गाडीची कूस दगडी गडग्यावर आपटली. गवा दोन क्षण बघत राहिला आणि आला तसा झाडीत गेला. बाबलीच्या कपाळाला खोक पडली. विमलचा उजवा हात दारात सापडला.

गोव्याच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी हात वाचवला. म्हणजे हात खांद्याला राहिला. मूठ काही वळेना. बोटं होती तिथे होती पण त्यांना काजूचा गर आणि खडा यांतला फरक कळेना. कारखान्याने दोन महिने वाट पाहिली, मग तिच्या जागेवर दुसरी बाई बसवली. कारखान्याला तरी काय म्हणणार, त्यांना सोललेला गर हवा होता.

बाबली इस्पितळात रोज जाई. उशाशी बसे आणि एकच वाक्य घोळवी, "विमल, तू घाबरा नको. गाडयेक फुल्ल इन्शुरन्स आसा."

हे 'फुल्ल' त्याला ओमकारने शिकवलं होतं. ओमकार गावचाच, विम्याचा एजंट. दरवर्षी हप्ता न्यायला आला की ओटीवर बसून सांगे, "काकानू, फुल्ल आसा. गाडयेत बसलेल्या माणसाक नखभर जरी लागला तरी कंपनी देतली. तुमी आरामात झोपा." काकानू आरामात झोपले. पॉलिसीच्या पाठीमागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही, आणि ओमकारनेही वाचलं नव्हतं.

विमलला भरपाई हवी तर गाडीमालक आणि कंपनी अशा दोघांवर दावा लावावा लागतो, असं कळलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यावर केस? माका जमाचा नाय." बाबलीनेच तिला बाबापुता करून तयार केलं. तिला घेऊन एसटीने ओरोसच्या जिल्हा कोर्टात गेला, अनुजा वालावलकर नावाची तरुण वकील गाठली आणि तिला म्हणाला, "माझ्यावर केस घाला." वकिलीणबाईंना वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यालाही मार लागलाय. स्वतःवर दावा लावून घ्यायला स्वतः येणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. परतताना बाबली भलताच खुशीत होता. विमलला हात परत मिळणार नाही, पण हाताच्या जागी आयुष्यभराची भाकरी मिळेल, आणि आपण तिचे देणेकरी राहणार नाही, असा त्याचा साधा हिशोब होता.

मग कंपनीचा माणूस आला.

काय गोड माणूस! सामंत म्हणून कुडाळकडचा. पायऱ्यांशी चपला काढल्या, पाय धुतले, बाबलीच्या बायकोला "वयनी" म्हणाला. गावच्या देवाचं नाव निघाल्यावर हात जोडले. कंपनीचा माणूस म्हणजे टाय लावलेला, इंग्रजीत बोलणारा कुणीतरी असेल म्हणून बाबली धास्तावला होता. हा तर ओटीवर मांडी घालून बसला, घावणे आणि चटणी खाल्ली, वर आणखी दोन मागून घेतले. मोबाईल पाटावर ठेवला. "वायच रेकॉर्ड करतंय हां, माका लिवचो कंटाळो," म्हणाला. बाबली म्हणाला, करा की.

गव्याची सगळी हकीकत झाली. सामंतने च्च च्च केलं. मग घावण्याचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "बरा करतास तुमी काकानू. पुण्याचा काम. पण आपली माणसा अशी फुकट बसणारी नाय हो. कायतरी देतच असतली?"

"माका कोण देतलो? मी हातात घेतंय काय!" बाबली फुशारला. "देवाफुडे ठेवतत."

"असा! गणपतीफुडे?"

"व्हय. त्या विमलानच सुरू केल्यान. एक दिवस चुकाक नाय."

"बरी बाई. आणि मगे तेचा काय करतास?"

"देवळातल्या तेलाक. कधी कमी पडला तर पेट्रोलाक घातलंय, खोटा कित्याक सांगू?"

खोटा कित्याक सांगू! एवढं वाक्य बोलून बाबली निवांत झाला. सामंतने मोबाईल उचलला, वयनींच्या हातची चव तोंडभर वाखाणली, जाताना परसातली केळफुलं मागून नेली. बाबलीने ती स्वतः तोडून पिशवीत घालून दिली. नंतर कितीतरी दिवस त्याला त्या केळफुलांचीच जास्त चीड यायची.

कंपनीचं उत्तर आलं. खाजगी वाहनाचा भाडे घेऊन प्रवासी वाहतुकीसाठी वापर केल्याचे वाहनमालकाने स्वतः मान्य केले आहे, सबब पॉलिसीच्या अटींचा भंग झाला आहे, सबब कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. दोनदा सबब. बाबलीने ओमकारला फोन लावला. ओमकार आधी उचलेना. उचलला तेव्हा उलट यालाच झापायला लागला.

"काकानू, तुमी असा सांगितल्यात कित्याक?"

"तेना विचारल्यान म्हणान सांगलंय. खरा ता सांगलंय."

"खरा सांगूची गरज काय होती?"

विमा उतरवताना खरी माहिती द्या म्हणून याच ओमकारने त्याच्याकडून सही घेतली होती. बाबलीने मग कंपनीच्या फोन नंबरवर फोन केला. तिथे एक बाई प्रेमाने सांगे की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि सनई लावून निघून जाई. बाबली ती सनई कानाला लावून ओटीवर बसून राही. कधीतरी कुणीतरी उचले, तो शुद्ध मराठीत घाईघाईने सांगू लागे, "नाही हो मॅडम, ते भाडं नाही, ते देवाचं आहे," आणि पलीकडून विचारणा होई, सर, देव म्हणजे आपले सहप्रवासी का?

ओरोसला अनुजा वकिलीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. नुसत्या मोबाईलवरच्या बोलण्यावर कंपनी जिंकेल असं नाही, आपण त्याला आव्हान देऊ. पण कोर्टात दोघांनीही एकच सांगायचं: शेजारधर्म म्हणून नेत होते, कुणी एक पैसा दिला नाही, प्रवास मोफत होता. ते टिकलं तर कंपनीला भरपाई द्यावीच लागेल. दोघांतला एक जरी पैशाचं बोलला तरी कंपनी सुटली. मग निकाल लागेल तो बाबलीकाकांच्या डोक्यावर, आणि काकांकडे काय आहे ते मला दिसतंच आहे.

"म्हणजे खोटा बोलूचा," बाबली म्हणाला.

"काका, तुम्ही भाडं घेत होता का?"

"नाय."

"मग खोटं कुठे आहे?"

बाबली विमलकडे वळला. ती खिडकीबाहेर बघत होती. तिने पदराखाली हात झाकून घेतला होता. "काय गो विमल?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "बगूया."

बाबलीच्या जिवाची उलघाल सुरू झाली. एका बाजूला विमलचं पुढचं सगळं आयुष्य. ती डाव्या हाताने भात कालवताना त्याने पाहिली होती. दारातली काजूची बी ती डाव्या हाताने गोळा करी आणि टोपली उचलायला कुणी येईपर्यंत तिथेच बसून राही, पण हाक मारत नसे. दुसऱ्या बाजूला त्याचं ते देवापुढे उभं राहणं. खोटं बोललेल्या तोंडाने लोकांची गाऱ्हाणी कशी घालायची? तुम्हा-आम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. आपण गॅसवाल्यापासून गणपतीपर्यंत सगळ्यांशी थोडंफार खोटं बोलतच असतो. बाबलीला मात्र त्या विचाराने जेवण जाईना.

शेवटी तो चुलतभावाकडे गेला. "ह्या वर्सापासना गाऱ्हाणा तू घाल," म्हणाला. भावाने कारण विचारलं तर घसा बसतो म्हणाला. मान सोडला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, आता मी मोकळो. कोर्टात काय वाटेल ते बोलेन. बायको चुलीपुढे रडली. पिढ्यान् पिढ्यांचा मान असा चुरमुऱ्यासारखा वाटून आला म्हणून तिने दोन दिवस अबोला धरला. बाबलीला वाईट वाटलं, पण मनातून तो हलका झाला होता. विमलसाठी आपल्याकडे देण्यासारखं एवढंच होतं आणि ते आपण दिलं, असं त्याला वाटलं. वाटेत, न्हाणीघरात, कोंबड्यांसमोर तो घोकत राही: कुणी एक पैसा दिला नाही. प्रवास मोफत होता. आवाज मुद्दाम पडका ठेवी, न जाणो खणखणीत बोललो तर सवयीने खरंच तोंडून निघायचं.

कोर्टाच्या दिवशी पहिली विमल उभी राहिली. कंपनीचा वकील वयस्कर, मृदू बोलणारा. त्याने पैशाचं काही विचारलंच नाही. हात कसा आहे विचारलं. कारखान्यात किती वर्षं होता विचारलं. मग चष्मा पुसत म्हणाला, "बाई, तुम्ही रोज यांच्या गाडीतून जात होता?"

"हो."

"रोज?"

"एसटी नसली की."

"आणि एसटी असली तर तिकीट काढत होता?"

"काढत होते तर!"

"म्हणजे एसटीला पैसे देत होता आणि या गरीब, पेन्शनीतल्या माणसाच्या गाडीत मात्र वर्षानुवर्षं फुकट बसत होता. त्याच्या पेट्रोलवर. बरोबर?"

अनुजा वकिलीणबाई उठून काहीतरी हरकत घेऊ लागल्या. बाबली मागच्या बाकावर होता. त्याने डोळे मिटले. हो म्हण गो, एवढंच एक हो म्हण.

"बाई, उत्तर द्या. फुकट बसत होता ना?"

"फुकट कोण बसलो?" विमलचा आवाज चढला आणि तिचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं. "साहेबानू, मी कोणाचा फुकट घेतलेला नाय! घोव मेलो तेवा पण घेतलंय नाय. बाबलीन हातात घेतल्यान नाय म्हणान मी देवाफुडे ठेवलंय. वीस रुपये. एक दिवस चुकलंय नाय. विचारा तेका!"

कंपनीच्या वकिलाने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणखी काही विचारायचं नाही," तो म्हणाला. त्याचं काम झालं होतं. आपण चोवीस तास जो माणूस असतो त्याच्या नेमक्या कुठल्या जागी बोट ठेवलं की तो ओरडतो, हे ज्यांना कळतं त्यांना कंपन्या पगार देतात.

मग बाबलीला उभं केलं. पडका आवाज तयार होता, पाठ केलेली वाक्यं तयार होती. पण आता ती बोलायची म्हणजे विमलला भर कोर्टात खोटी पाडायची. ती समोरच उभी होती, ताठ, अजून रागाने लाल. न्यायाधीशांनी विचारलं, या बाई म्हणतात ते खरं आहे का. बाबली दोनदा खाकरला.

"ती सांगता ता खरा," तो म्हणाला.

निकाल लागला. विमलचं नुकसान झालं हे कोर्टाला मान्य होतं. हात निकामी झाला हेही मान्य. पण गाडी अटी मोडून चालवली, सबब कंपनी मोकळी. भरपाई गाडीमालकाने द्यावी. गाडीमालक म्हणजे बाबली, ज्याची गाडी भंगारात गेली होती आणि जो पेन्शनीवर जगत होता. त्याच्याकडे उरली होती घरामागची काजूची बाग.

तो संध्याकाळी विमलच्या ओटीवर गेला. विमल डाव्या हाताने अंगण झाडत होती. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाग विकतंय. गिऱ्हाईक आसा."

"कोणासाठी?"

"कोर्टान सांगल्यान हा."

"मी कंपनीकडे मागलंय. तुझ्याकडे खंय मागलंय?" ती झाडतच राहिली. "तुझी बाग घेवन मी काय करू? तुझ्या बायकोन मगे काय खावचा?"

"आणि तू काय खातलंस?" बाबली ओरडला. इतके दिवस दाबलेलं सगळं एकदम वर आलं. "एक हो म्हणाक काय झाला होता गो तुका? एक हो! मी माझो मान सोडलंय तुझ्यासाठी. देवाफुडचा उभा रवणा सोडलंय. खोटा बोलाक तयार झालंय. आणि तू थंय विसाची नोट दाखवतंस?"

विमलने झाडू खाली ठेवला. ती जवळ आली. तिला रडू येत होतं की राग, ते त्याला कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

"माझो हात गेलो तेचा माका दुख्ख नाय असा नाय. पण हात गेलो तो गव्यामुळे. तुझो दोष नाय, कोणाचो नाय. तुमी सगळी मिळान माझा नाव घालवक निघाल्यात. ती वकीणबाई, तू, ओमकार, सगळी. विमल फुकटी होती म्हणान लिहून घ्या आणि पैसे घ्या! तसले पैसे घेवन मी ह्या गावात खंय तोंड दाखवू?"

"गावाक काय पडला नाय गो."

"माका पडला हा," ती म्हणाली.

बाबली उठून घरी आला. बाग विकली नाही. विमलने वसुलीसाठी कोर्टाचा कागद पुढे नेला नाही. म्हणजे ज्याने द्यायचं त्या कंपनीने दिलं नाही, जो द्यायला निघाला त्याच्याकडून तिने घेतलं नाही, आणि हात निकामी तो निकामीच राहिला. काजूच्या दिवसांत बाबलीने तिच्याकडे बियांचं पोतं पाठवलं तर त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी त्याच्या पायरीवर दोन फणस येऊन पडले. ते डाव्या हाताने तिने कसे आणले, देव जाणे. त्यानंतर त्याने काही पाठवलं नाही. देवळातही तो आता मागे, खांबाजवळ उभा राहतो. गाऱ्हाणं चुलतभाऊ घालतो, चुकत माकत. बोललेलं खोटं नव्हतं, मग मान परत घे, असं गुरवाने दोनदा सुचवलं. बाबली म्हणाला, बोललंय नाय, पण बोलाक गेल्लंय ना?

कंपनीचं मात्र झकास चाललं आहे. आणि भेंडाळी गाव शहाणं झालं. बाबलीचं काय झालं ते घरोघरी कळलं, ओमकारनेच सांगितलं. नव्या पॉलिसी देताना तो ही गोष्ट उदाहरण म्हणून सांगतो. गाडीत परका माणूस घेऊ नका, काकानू. पैसे नाय, फूल पण नको. आता गावात गाड्या वाढल्यात, मुंबईचे पैसे आहेत, गोव्याचे आहेत. सकाळी एकामागून एक वेंगुर्ल्याकडे जातात, काचा वर केलेल्या, मागच्या सीटवर एक पिशवी नाहीतर तीही नाही. तिठ्यावर बायका उभ्या असतात. हात दाखवायचंही त्यांनी सोडून दिलं आहे.

बाबलीचा मुलगा चंदन गोव्यात नोकरीला. गेल्या मे महिन्यात त्याने गाडी घेतली आणि पहिल्यांदा बापाला बसवून वेंगुर्ल्याला निघाला. ऊन चांगलंच वर आलं होतं. तिठ्यावर विमल एकटीच उभी होती. कोण्या हॉटेलवाल्याकडे मिरच्या निवडायचं काम तिला मिळालं होतं असं ऐकलं होतं. खांद्याला पिशवी, पायात स्लिपर, कपाळावर घाम. तिने गाडीकडे पाहिलं. पुढे कोण बसलंय ते तिला दिसलं असावं.

चंदनने गाडी हळू केली. "बाबा, विमलमावशी. घेव?"

बाबलीने तिच्याकडे पाहिलं. जागा होती, मागची सगळी सीट मोकळी होती. चंदनच्या गाडीतही स्टेअरिंगपुढे गणपती होता. विमाही होता, ओमकारनेच उतरवला होता, फुल्ल.

"नको," बाबली म्हणाला. "चल तू."